मनगटाला सोसेल इतकंच गरम

खोली मागायला गेलो तेव्हा त्या माणसाने आधी माझी नखं पाहिली. नाव, गाव, पगार, लग्न झालंय का, घरमालक जे विचारतात त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. मी गोंदियाजवळच्या गोरेगावात नव्याने रुजू झालेला कृषी सहायक, एवढं ऐकून घेतलं, माझा हात ओढून उताणा-पालथा केला, नखांखाली डोकावलं आणि हात परत केला.

"शेतीचा साहेब अना नखात माती नाई," ते म्हणाले. "रहा मंग. पन पांढरा हायस तू, बाबू."

आपला अपमान झाला एवढं मला समजलं. तो कसला होता हे समजायला पुढचे पंधरा दिवस लागले.

काकाजी (अख्खं गाव त्यांना काकाजी म्हणे, मग मीही म्हणू लागलो) जन्मभर एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. साहेब म्हणून नव्हे, काचेची भांडी धुणारे सेवक म्हणून. तिथे शेतकऱ्यांसाठी जिवाणू वाढवत, काळ्या भुकटीत मिसळत आणि पाकिटात भरत. दहावीच्या पुढे न गेलेल्या या माणसाने भांडी धुता धुता सगळं शिकून घेतलं. साहेब येत आणि बदलून जात. जिवाणू कशाने जगतात आणि कशाने मरतात हे पक्कं ठाऊक असलेला हा एकटाच तिथे टिकून होता. मग एक दिवस नारळ देऊन त्यालाही घरी पाठवलं. त्याचा राग त्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही, आणि जो समोर येईल त्याच्यावर तो निघे.

शर्टाच्या खिशात दाढीचं अर्धं ब्लेड असायचं, एसटीच्या तिकिटात गुंडाळलेलं. कुणाच्याही हरभऱ्यात, कुणाच्याही लाखोरीच्या पिकात न विचारता शिरायचं, खुरप्याने एखादं झाड मातीसकट काढायचं, मुळं धुवायची आणि मुळावरची बारीक गाठ ब्लेडने चिरायची. आत गुलाबी निघाली तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी निघाली तर नुसतेच राहायला आलेत. "वरून सारख्याच दिसतात," ते म्हणत. "चिरल्याबिगर कोनाचं काई खरं नाई."

पुढे पुढे त्यांनी माणसांनाही हेच माप लावलं. सरपंच पांढरा. सोसायटीचा सचिव पांढरा. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, भर मांडवात, जावयाला पांढरा म्हणाले. मुलगी नागपूरला गेली ती सणासुदीला फोन करण्यापुरती उरली. अशा माणसाला लोक 'स्पष्टवक्ता' म्हणतात. मी त्याला दुष्टपणा म्हणतो, आणि आज ते नसतानाही तो शब्द मागे घेत नाही.

घरात पोवारी, बाहेर झाडीबोली आणि राग अनावर झाला की हिंदी, अशी त्यांच्या भाषांची वाटणी होती. हिंदी मी फार ऐकली.

संध्याकाळी अंगणात बसून ते मला मुळांची व्यवस्था समजावत. कृषी पदविका घेतलेल्या मला. मूळ म्हणजे घरमालक, जिवाणू म्हणजे भाडेकरू. मूळ आधी मातीत निरोप सोडतं. हरभऱ्याचा निरोप हरभऱ्याच्याच जिवाणूला कळतो, सोयाबीनवाला त्याला ओ देत नाही. निरोप पोचला की जिवाणू जवळ येतो, मुळाचा केस वाकून त्याला आत घेतो, त्याच्यासाठी खोली बांधतो, तीच ती गाठ. घरमालक त्याला साखर देतो, भाडेकरू हवेतलं नत्र पकडून देतो. "आणि काम न करणारा निघाला तर?" मी एकदा विचारलं.

"त्याचं जेवन बंद," ते म्हणाले. "मूळ त्याले हाकलत नाई. खोलीतच राहू देते. फकत खाऊ घालत नाई."

तेव्हा मला ही गंमत वाटली होती.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे मनगट. प्रयोगशाळेत चंबूतलं उकळतं रसायन ओतण्याजोगं निवलं की नाही ते मनगटाला लावून पाहत, ती सवय त्यांच्या हाडात मुरली होती. आंघोळीचं पाणी मनगटावर, वरणाची वाटी मनगटाला, चहाचा ग्लास मनगटाला. मनगटाला सोसेल तेव्हाच तोंडाला. रोज संध्याकाळी ते मला चहा देत, आणि तो इतका निवलेला असे की वर साय धरलेली असायची. मी नाक मुरडून पीत असे. "जे मनगटाले सोसत नाई ते त्याईलेही सोसत नाई," हे त्यांचं पालुपद. 'त्याईले' म्हणजे जिवाणूंना. त्यांच्या बोलण्यात नाव न घेता आलेलं कुणीही जिवाणूच असे.

नोकरीत असताना उन्हाळ्यात प्रयोगशाळेतली पाकिटं गोंदियाहून गावात आणायची झाली की ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ती ठेवत आणि मडकं मांडीवर घेऊन एसटीत बसत. एका कंडक्टरने मडकं इंजिनच्या बॉनेटवर ठेवायला सांगितलं, तेव्हा हे मडक्यासकट खाली उतरले आणि उरलेली वाट चालत आले. हे ते मला अभिमानाने सांगत. मला त्यात अभिमान वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. दुसरी बस आली असती.

पण त्यांची एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या कार्यालयाच्या शेतकरी मेळाव्यात बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी शेजारच्या शेतातलं हरभऱ्याचं झाड धरलं, खसकन उपटलं आणि माइकवरून म्हणाले, "बघा, एकही गाठ नाही. तुम्ही लोक बीजप्रक्रिया करतच नाही."  शेतकऱ्यांना ही बोलणी सवयीची असतात. मागून काकाजी उठले. हातात खुरपं.

"साहब, उखाड़ो मत," ते ओरडले. "खोदो."

आणि त्यांनी खोदलं. उपटलेलं झाड होतं त्याच्याच शेजारचं, चारी बाजूंनी माती मोकळी करून, तान्हं पोर उचलावं तसं दोन्ही हातांवर काढलं. मग सरळ व्यासपीठावर चढले, पाहुण्यांसमोरची पाण्याची बाटली उघडली आणि त्या पाण्याने मुळं धुतली. गाठीच गाठी. एक चिरून तज्ज्ञांच्या नाकासमोर धरली. आत गुलाबी. "गाठी मातीत राह्यल्या तुमच्या," ते म्हणाले, "अना बोलनी आमाले." त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा थांबलो.

आता माझ्या स्वतःच्या गाठीकडे येतो.

गावाबाहेरच्या टोलीवरच्या आठ बायांचा एक गट होता. मंदाताई त्यांच्यातली बोलती. धान कापल्यावर रिकाम्या झालेल्या पाटलाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांनी ठेक्याने घेतल्या होत्या, हरभऱ्यासाठी. स्वतःच्या नावावर एक गुंठा नसलेल्या बायांना हातात शेत मिळालं होतं, ते पहिल्यांदाच. मीच त्यांचं प्रात्यक्षिक मंजूर करून आणलं. चार महिने पाण्याखाली राहिलेल्या धानाच्या मातीत हरभऱ्याचे जिवाणू उरत नाहीत, म्हणून ते बियाण्याला लावूनच पेरायचे, मग युरियाची गरज नाही, हे मी त्यांना तीन बैठकांत घसा कोरडा करून सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. युरिया आणला नाही.

पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तीन दगडांची चूल मांडली. गुळाचं पाणी उकळायचं, पूर्ण निवू द्यायचं, मग त्यात पाकीट कालवून बियाण्याला चोळायचं. निवू द्यायचं, हे पाकिटावरही छापलेलं असतं. पण साडेअकरा वाजले होते. साहेबांकडे नागपूरचे पाहुणे आले होते आणि दुपारच्या फेरीला त्यांना नागझिऱ्यात वाघ दाखवायचा होता. निघण्याआधी तालुक्याचे सगळे फोटो ॲपवर चढलेले हवे होते. माझा फोन तीनदा वाजला. मंदाताईने पातेल्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम हाय जी, साहेब. थांबू का?"

"चालतं, चालतं," मी म्हणालो आणि पाकीट फोडून ओतलं.

मग फोटो काढला. आठ बाया, काळे हात, हसरे चेहरे, मागे मोकळी बांधी. फोटो इतका चांगला आला की तो आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर मोठा करून लावला आहे. आजही आहे.

त्या संध्याकाळी मी काकाजींना सांगितलं, अर्ध्या तासात सगळं आटोपलं. त्यांचा चहाचा ग्लास मनगटावरच थांबला. "गुळाचं पानी कवा थंड झालं मंग?" मी म्हटलं, तेवढं चालतं.  माझ्या पिशवीत एक उरलेलं पाकीट होतं, ते त्यांनी फक्त मागून घेतलं.

डिसेंबरात बायांचा हरभरा पिवळा पडू लागला. पाणी देऊन झालं, निंदण झालं, पिवळेपणा हटेना. त्याच सुमारास एक दिवस दौऱ्यावरून परतलो तर माझ्या दारात वर्तमानपत्रावर तीन मडकी आडवी केलेली, प्रत्येकापुढे धुतलेली झाडं मांडलेली. काकाजींनी आधीचे जिवाणू मरावेत म्हणून उकळून घेतलेल्या वाळूत हरभरा लावला होता. पहिल्या मडक्यात काहीच न लावलेलं बी. दुसऱ्यात माझं उरलेलं पाकीट, निवलेल्या गुळपाण्यातून. तिसऱ्यात तेच पाकीट, गरम पाण्यातून. पहिल्याची मुळं कोरी. तिसऱ्याची कोरी. मधल्याच्या मुळांवर गाठी, आणि एक चिरून उघडी ठेवलेली. गुलाबी.

म्हणजे पाकीट चांगलं होतं. मारलं मी.

काकाजी ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही हे कायले केलं?" पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोललो मी.

"तुले कळावं म्हनून," ते म्हणाले. "आता त्या बायाईले सांग."

मी सांगितलं नाही. उलट जानेवारीत साहेबांनी मला बोलावलं. प्रात्यक्षिक का फसलं याचं कारण वर पाठवायचं होतं. "पाकिटं आपल्या गोदामात खराब झाली असं लिहिलंस तर माझ्यावर येईल," ते म्हणाले, "स्वतःचं लिहिलंस तर तुझी नोकरी अजून पक्की नाही, बघ बुवा. लाभार्थ्यांनी बीजप्रक्रिया शास्त्रोक्त केली नाही, असं लिही. बायांना कोण विचारतंय?" मी तसं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तेव्हा मडकी बघून मला महिना झाला होता. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच त्या म्हाताऱ्याने ठेवली नव्हती, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येत होता.

अहवाल गावात पोचायला वेळ लागत नाही. पाटलाने पुढच्या सालचा ठेका मोडला. बायांच्या हातात शेत दिलं की असंच होतं, साहेबानेच लिहून दिलंय, असं तो चावडीवर सांगत फिरला. गट पुढच्या वर्षीच्या यादीतून कटला. मी रस्त्यात मंदाताई दिसली की गाडी दुसऱ्या गल्लीत घालत असे.

अहवाल गावात कळला त्या दिवसापासून माझा चहा बंद झाला. काकाजींनी मला खोलीतून काढलं नाही, भांडले नाहीत, हिंदीत शिव्याही दिल्या नाहीत. संध्याकाळी अंगणात बसून एकच ग्लास भरत, मनगटाला लावत आणि माझ्या देखत पीत. मी घरमालक बदलू शकलो असतो. गोरेगावात खोल्या काय कमी आहेत? पण जाऊन सांगणार काय, की चहा देत नाहीत म्हणून सोडली?

मार्चमध्ये त्यांनी कळस केला. घरामागच्या त्यांच्या तीन बांध्या होत्या. पावसाळ्यात धान ते स्वतः लावत, पण यंदापासून धान निघाल्यावर त्या बांध्या हरभऱ्याला टोलीवरच्या बायांना देऊन टाकल्या, तोंडी शब्दावर. बांध्या कुठे? माझ्या खिडकीखाली. त्या दिवसापासून बाया शेत बघायला येऊ लागल्या. मी खिडकी लावून घेत असे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात आत शिजत असे. एकदा न राहवून मी काकाजींच्या अंगावर गेलो.

"इतकंच आहे तर तुम्हीच का सांगून टाकत नाही त्यांना?"

"मी कायले सांगू? ज्याचा निरोप त्यानंच द्यावा लागते. दुसऱ्याचा चालत नाई."

मी दार आपटून आत गेलो. त्या माणसाने तेव्हा सांगून टाकलं असतं, तर चार शिव्या खाऊन मी मोकळा झालो असतो. त्यांनी मला मोकळं होऊ दिलं नाही. पुढे पाच महिने आम्ही एका छपराखाली राहिलो आणि पन्नास वाक्यं बोललो नसू.

भादव्यात धानाला लोंबी धरत असताना ते ताप घेऊन पडले. गोंदियाच्या दवाखान्यात मीच नेलं. मोटारसायकलवर मागे बसवलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही, सीटची मागची कडी धरून बसले. तिसऱ्या दिवशी गेले. मुलगी नागपूरहून आली, तेरावं केलं, पुढे पिकल्यावर धान कापवून घेतला. कुणीतरी तिला बांध्यांचं विचारलं, तेव्हा म्हणाली, "बाबांनी शब्द दिला ना? मग करू द्या त्यांना." सामान आवरताना तिने तिकिटात गुंडाळलेलं ब्लेड माझ्या हातावर ठेवलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, दाढीचं.

नोव्हेंबरात बाया पेरायला आल्या. खिडकीतून चुलीचा धूर आत येऊ लागला. मी पाकीट काकाजींच्या मडक्यात ओल्या फडक्यात ठेवलं होतं, ते घेऊन खाली उतरलो. यादीत नसलेल्या गटाला पाकीट देण्याचं मला काही कारण नव्हतं.

मंदाताईने "जय भीम, साहेब" म्हटलं. पातेलं नुकतंच उतरवलेलं होतं. तिने हात पुढे केला, पाकिटासाठी. मी दिलं नाही.

"मागच्या साली मी गरम पाण्यात टाकलं होतं," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नव्हतं. मला डिसेंबरातच कळलं होतं. तरी मी कागदावर तुमचं नाव लिहिलं."

आठही जणींचे हात थांबले. मला वाटलं, आता सुरू होईल. मंदाताईने पदराला हात पुसले.

"मालूम हाय," ती म्हणाली. "बोट माझंच पोळलं होतं ना जी. म्हाताऱ्याले मी इचारली होती, काकाजी, आमचंच चुकलं का? तं म्हने, तुमचं नाई चुकलं. ज्याचं चुकलं तो मानूस सोता येऊन सांगन, वाट पाहा. रोज इचारे मले, आला का, म्हने. दवाखान्यात जाच्या आदल्या दिवशीही इचारलं." तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. "तो मरून गेला वाट पाहून पाहून. इतकं सांगाले तुमाले एक मानूस मरावा लागला काय जी?"

पाकीट अजून माझ्या हातातच होतं. 

"अना तोंडानं सांगून का होते?" ती म्हणाली. "कागदावर लिवलं होतं, तं कागदावरच पुसा. पानी निवेपरेंत टाइम हाय."

मी धुऱ्यावर बसलो. दौऱ्याच्या वहीतला कागद काढून लिहायला लागलो. लिहिलं की, 'सदर प्रात्यक्षिकात गुळाच्या द्रावणाचे तापमान अधिक असल्याने जिवाणू मृत झाले.' वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

"कोनं टाकलं ते कुठी हाय त्यात?"

मी 'अधिक असल्याने' खोडलं आणि 'मी' लिहिलं. मी थांबलो नाही, मी ओतलं, गटातील महिलेने गरम आहे असे सांगूनही मी ओतलं. लिहिताना फोन वाजत होता, तो उचलला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, पाटलालेही वाचून दाखवा, तर खाली प्रत द्यायच्या नावांत पाटलाचं नावही टाकलं. मग सही केली. या कागदाने माझं काय व्हायचं ते पुढे झालं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

तोवर मंदाताई पातेल्यापाशी उकिडवी बसली होती. तिने बोट घातलं नाही. चमच्याने पाणी घेतलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर सोडलं. हे तिला कुणी शिकवलं ते मला विचारावं लागलं नाही.

"टाका आता," ती म्हणाली.

मी ब्लेडने पाकिटाची कड कापली आणि काळी भुकटी पाण्यात सोडली. आणि तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की भुकटी ढवळायची राहून गेली. एवढी वर्षं मडकी मांडीवर घेऊन जिवाणू जगवलेस, मग अजून दोन महिने जगायला तुला काय झालं होतं?